बाहेरून माणसं आली की लहान देशाचं काय होतं, हे आपल्या गावावरून कसं तपासायचं

दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे विदर्भात एमपीतून, मेळघाटातून कापूस वेचणीच्या मजुरांच्या गाड्या उतरायला लागल्या की पानठेल्यावर लगेच सुरू होतं, एक म्हणतो हे आले म्हणून आपल्या बायांची रोजी पडली, दुसरा म्हणतो हे नसते आले तं कापूस बोंडातच लोंबकळत राहिला असता. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात आणि म्हणूनच हा वाद कधी संपत नाही. कतार, सिंगापूर, लक्झेंबर्ग, फिजी अशा लहान देशांत हाच वाद कित्येक वर्षं चालू आहे, तिथं त्याच्यावरून कायदे झाले, मतदान झालं, एका देशात तं लष्करानं सरकार उलथवलं. एमपीएससीच्या पोरापोरींना हा विषय निबंधाला येतो, आणि ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांनाही ग्रामसभेत बोलावं लागतंच. मी आमच्या वाचनालयातल्या पोरांना हे ज्या क्रमानं विचारायला सांगतो त्याच क्रमानं इथं लिहितो, वही घेऊन बसा.

आधी देश किती मोठा आहे ते आपल्या जिल्ह्यावर मोजा. मॉरिशस २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आपला वर्धा जिल्हा ६,३०९ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत १३ लाख माणसं. म्हणजे वर्ध्याएवढी माणसं वर्ध्याच्या एक तृतीयांश जागेत. कतार आपल्या अमरावती जिल्ह्यापेक्षा थोडासा लहान. लक्झेंबर्गची लोकसंख्या सात लाखांच्याही आत. हे कशासाठी करायचं तं भारतासारख्या देशात दहा लाख माणसं आली तरी दिल्ली-मुंबईत कुठं जिरतात ते कळत नाही, पण वर्ध्याएवढ्या देशात एक लाख माणसं आली की त्याच वर्षी भाडं वाढतं, दवाखान्यात रांग वाढते, शाळेत बाक कमी पडतात. इस्राएलचं उदाहरण घ्या, १९९० ते १९९४ या काळात सोव्हिएत संघातून एवढे लोक आले की देशाची लोकसंख्या त्यांच्यामुळे १२ टक्क्यांनी वाढली. राहायला घरं नव्हती म्हणून सरकारनं चाकावरच्या घरांच्या वस्त्या उभ्या केल्या, आलेले डॉक्टर-इंजिनिअर सुरुवातीला झाडलोटीची कामं करत होते. तरीपण नंतर हिशोब करणाऱ्यांना तिथल्या मूळ कामगारांची मजुरी या लोकांमुळे पडल्याचं सापडलं नाही. घराची ओढाताण मात्र खरीच होती. एकाच घटनेत एका बाजूनं चटका बसतो, दुसऱ्या बाजूनं बसत नाही, म्हणून "फायदा झाला की तोटा" असा एकच प्रश्न वहीत लिहूच नका.

त्याच्याऐवजी लिहा, कोणाचा. पानाच्या डाव्या बाजूला माणसं लिहा, कास्तकार, वेचणी करणारी गावातली बाई, किराणावाला, खोली भाड्यानं देणारा, खोली भाड्यानं घेणारा, जिनिंगवाला, शाळेचे गुरुजी, आणि शेवटी जो आला तो स्वतः. त्याला बहुतेक जण विसरतात. कास्तकाराचं पीक वेळेवर घरी येतं, किराण्याचा गल्ला वाढतो, खोलीवाल्याला चार पैसे मिळतात, आणि भाड्यानं राहणाऱ्याच्या खिशातून तेच चार पैसे जातात. सरासरी काढली की हे सगळं पुसून जातं.

या "कोणाचा" वरून मोठे मोठे अर्थतज्ज्ञ भांडलेत. १९८० साली एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबाच्या मारिएल बंदरातून सव्वा लाखाच्या आसपास माणसं होड्यांनी अमेरिकेत आली आणि त्यातली निम्मी तरी मायामी शहरातच राहिली, शहरात काम करणारी माणसं एका झटक्यात ७ टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्डनं १९९० मध्ये आकडे मांडून दाखवलं की तिथल्या कामगारांची मजुरी त्यामुळे पडली असं दिसत नाही. याच कार्डला पुढे २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण जॉर्ज बोर्हास, तो स्वतः लहानपणी क्यूबातून आलेला, त्यानं तेच आकडे पुन्हा काढले आणि म्हणाला की सगळे कामगार एकत्र कशाला धरता, ज्यांची शाळा अर्धवट सुटली अशाच माणसांकडे बघा, त्यांची मजुरी चांगलीच घसरलेली आहे. मग दुसऱ्यांनी म्हटलं तुझ्या नमुन्यात माणसंच फार थोडी आहेत. तो वाद अजून मिटलेला नाही. आपल्यासाठी त्यातलं कामाचं एवढंच की ज्याचं काम आलेल्या माणसाच्या कामासारखंच आहे त्याच्यावर भार पडतो, आणि ज्याचं काम वेगळं आहे पण आलेल्याच्या हाताशिवाय अडतं त्याचं भलं होतं. म्हणून तुलना करताना वेचणीवालीची तुलना वेचणीवालीशीच करा, ट्रॅक्टरवाल्याशी नाही. आणि महिनासुद्धा तोच घ्या, कार्तिकातली रोजी आणि वैशाखातली रोजी शेजारी ठेवून काही कळत नाही.

आता जो प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याच्यावर येतो आणि त्याच्यावर जरा जास्त बसा. किती आले हे सगळेच विचारतात, कोणत्या अटीवर आले हे कोणी विचारत नाही.

संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर उभं राहून बघा. तीन बांबूंची तिकाटी, तिला अडकवलेला काटा, बाया आपापलं गाठोडं डोक्यावरून उतरवून लायनीत उभ्या. गावातल्या बाईचं वजन झालं की ती आकडा मोठ्यानं वाचून घेते, पैशाचं त्याच आठवड्यात बोलते आणि भाव नाही पटला तं सरळ म्हणते, "उद्या पाटलाच्या वावरात जातो भाऊ, तिथं किलोमागे रुपाया जास्त आहे." आणि जाते. बाहेरून आलेल्या बाईचं वजन मुकादम त्याच्या वहीत लिहितो. त्या वहीत आजच्या किलोच्या बाजूला अजून एक आकडा असतो, पावसाळ्यात घरी खायला नव्हतं तेव्हा घेतलेली उचल. ती फिटेपर्यंत तिला दुसऱ्याच्या वावरात जाता येत नाही, भाव विचारता येत नाही, आणि कित्येकदा तिला तो आकडा वाचताही येत नाही. मग पुढच्या हंगामात कास्तकार गावातल्या बाईला म्हणतो, ते एवढ्यात वेचतात, तुले जास्त काहून देऊ? गावातल्या बाईची रोजी इथं अडकली. तिला राग येतो मेळघाटातून आलेल्या समोरच्या कोरकू बाईचा, आणि अडकवलंय दोघींनाही त्या उचलीनं.

हेच आता कतारवर ठेवा. कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आणि त्यातले मूळ कतारी जेमतेम दहा-बारा टक्के, बाकी सगळे आपल्याकडून, नेपाळातून, बांगलादेशातून, फिलिपीन्समधून कामाला गेलेले. तिथं कफाला नावाची पद्धत होती, माणूस ज्या मालकाच्या नावावर आला त्याच्या परवानगीशिवाय नोकरी बदलू शकत नाही, आणि बऱ्याच वर्षांपर्यंत देश सोडून घरी यायलाही मालकाची सही लागायची. दोन हजार बावीसच्या फुटबॉल वर्ल्डकपची स्टेडियमं बांधताना जगभर ओरड झाली तेव्हा २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाची ना-हरकत लागणार नाही असा कायदा केला आणि मार्च २०२१ पासून सगळ्या देशांच्या कामगारांना महिना किमान १,००० रियाल पगार लागू केला, जेवण-राहणं मालक देत नसेल तं त्याचे वेगळे. कायदा झाला म्हणजे सगळीकडे पाळला जातोच असं नाही, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. पण बघा, माणसांची संख्या तीच, काम तेच, आणि अट बदलली की मजुरीचं गणित बदलतं.

सिंगापूरची रीत वेगळी. ७३५ चौरस किलोमीटरचा देश, २०२४ मध्ये ६० लाखांवर लोकसंख्या, त्यातले साडेअठरा लाखांवर ना नागरिक ना कायमचे रहिवासी. तिथं सरकार प्रत्येक धंद्याला सांगतं की तुझ्याकडे स्थानिक माणसं एवढी असतील तं बाहेरची एवढीच ठेवता येतील, आणि बाहेरच्या साध्या मजुरामागे मालकाकडून दर महिन्याला लेव्ही म्हणून पैसे घेतं. म्हणजे स्वस्त मजुरामुळे जो पैसा वाचतो तो सगळा मालकाच्या घरात जात नाही, काही सरकारी तिजोरीत येतो. हा भाग मला पटतो. पण त्याच मजुराला तिथल्या नागरिकाशी लग्न करायचं तं सरकारची परवानगी लागते, घरकामाला आलेल्या बाईला दिवस गेले तं तिला परत पाठवतात, आणि हजारो मजूर गावाबाहेरच्या मोठमोठ्या डॉर्मिटरीत एका खोलीत दाटीवाटीनं राहतात. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा देशातले बहुतेक रुग्ण याच डॉर्मिटरीतून निघाले. माणसाला नजरेआड ठेवलं म्हणून त्याचा ताप नजरेआड राहत नाही. आपल्या वीटभट्टीच्या पालांकडे, जिनिंगच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांकडे एकदा जाऊन बघा, पाणी कुठून येतं आणि संडास आहे का एवढे दोन प्रश्न वहीत लिहा.

जमिनीची अट तर पिढ्यान्‌पिढ्या पुरते. फिजीत इंग्रजांनी १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर भारतीय गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, उसाच्या कामाला नेले. करार संपला तरी बहुतेक तिथंच राहिले, वाढले, एक वेळ अशी आली की मूळ फिजियन लोकांपेक्षा जास्त झाले. पण तिथली ऐंशी टक्क्यांवर जमीन मूळ लोकांच्या कुळांच्या नावावर, ती विकता येत नाही, म्हणजे भारतीय शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मक्त्याच्याच जमिनीवर. मूळ लोकांची जमीन वाचली ही चांगलीच गोष्ट झाली, नाही तं दुसऱ्या बेटांवर जे झालं तेच झालं असतं. पण राबणारा एक, मालक दुसरा, आणि दोघांची जातकुळी वेगळी, अशी व्यवस्था इंग्रज मागे ठेवून गेले. १९८७ मध्ये भारतीयांचा वरचष्मा असलेलं सरकार निवडून आलं तं लष्करानं एकाच वर्षात दोनदा उठाव केला. त्याच्यानंतर शिकलेले भारतीय ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाला निघून गेले, डॉक्टर गेले, मास्तर गेले, हिशोब लिहिणारे गेले, आणि पुढे मक्ते संपत गेले तसा ऊसही कमी झाला. माणसं आल्यानं काय होतं हे शोधायचं असेल तं माणसं निघून गेल्यावर काय झालं तेही बघा.

मॉरिशसमध्ये तेच गिरमिटिये, तोच ऊस, तेच इंग्रज, आणि गोष्ट मात्र निराळी झाली. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथं उतरली, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती. जिथं ते उतरायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथं आधीपासूनचे मूळ रहिवासी नव्हतेच, जो आला तो बाहेरूनच, कोणी मालक म्हणून, कोणी गुलाम म्हणून, कोणी करारावर. मोठे मळे फ्रेंच घराण्यांकडे राहिले, पण मळेवाल्यांनी विकायला काढलेल्या तुकड्यांतून बऱ्याच भारतीयांना स्वतःच्या नावाची जमीन घेता आली. आज तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मराठी विषय घेता येतो.

यानंतरचा प्रश्न अवघड आहे पण टाळू नका, नसते आले तर काय झालं असतं? पानठेल्यावर आपण आलेल्यांमुळे काय झालं तेवढंच बोलतो. समजा वेचणीला कोणीच आलं नाही. रोजी वाढेल का? पहिल्या वर्षी वाढेल. दुसऱ्या वर्षी कास्तकार हिशोब करेल की वेचणीतच एवढे जातात तं कापूस कशाला, सोयाबीन पेरू आणि हार्वेस्टर बोलावू. आपल्याकडे कितीतरी वावरांत हे झालेलं आहेच, मजूर न मिळणं हे त्याचं एकच कारण नाही पण एक कारण नक्की आहे. मग गावातल्या बाईची वेचणीची रोजी वाढलेली नसते, ते कामच उरलेलं नसतं. उलट बाजूही तितकीच खरी, माणसं स्वस्तात मिळत राहिली की मालक यंत्रात, शिकवण्यात पैसा घालत नाही आणि धंदा तिथल्या तिथं राहतो. सिंगापूरमध्ये सरकारनं लेव्ही वाढवताना हेच कारण दिलं होतं. कोणती बाजू जड ते पिकाप्रमाणे, धंद्याप्रमाणे वेगळं निघतं, म्हणून दोन्ही लिहा.

खर्चाचं पटकन सांगतो. कर कोणाकडे जमा होतो आणि भार कोणावर पडतो हे दोन वेगळे रकाने करा. लक्झेंबर्गमध्ये रोज दोन लाखांवर माणसं फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून कामाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांच्या शाळेचा खर्च शेजारच्या देशानं केला, कामाचा कर मुख्यतः लक्झेंबर्गला मिळतो. लेबनॉनचं उलट, साधारण ४५ लाखांचा देश, सीरियातलं युद्ध पेटल्यावर तिथं अकरा लाखांवर निर्वासितांची नोंद झाली, सरकारी शाळा दुपारच्या दुसऱ्या पाळीत चालवाव्या लागल्या, आणि आलेल्यांना शेती, बांधकाम, साफसफाई एवढ्याच कामांची मोकळीक, म्हणजे सगळा दबाव तिथल्या गरिबातल्या गरिबांच्या कामांवर. आपल्या गावात मजुरांमुळे होणारा फायदा जिनिंगवाल्याला आणि व्यापाऱ्याला, आणि पाण्याची टाकी मात्र ग्रामपंचायतीची. ग्रामसभेत बोलायचंच असेल तं यावर बोला, या टाकीचा खर्च कोणी उचलायचा.

समाजाचं काय होतं हे एका हंगामात कळत नाही, त्याला निदान दोन पिढ्या बघाव्या लागतात, आणि बघायला लांब जायची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिवाळ्यात आपण स्वेटर घेतो ती तिबेटी माणसं यातलीही असतात. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शीकडे गेलात तं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावंच्या गावं आहेत, निर्वासितांना वसवायच्या सरकारी दंडकारण्य योजनेच्या काळात वसवलेली. तिथं धान आणि मासे दोन्ही बघा, घराघरापुढं खणलेली लहान तळी दिसतील. पण कागदाची गोष्ट अजून संपलेली नाही, पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत मोडणारा नमशूद्र जातीचा बंगाली माणूस इथं महाराष्ट्रात त्या यादीत नाही, म्हणजे त्याच माणसाच्या पोराचा कॉलेजचा प्रवेश राज्य बदललं की बदलतो. तिबेट्यांचंही तसंच, भारतात जन्मलेला माणूस १ जुलै १९८७ च्या आधीचा असेल तं जन्मानंच नागरिक, त्यानंतर जन्मलेल्या त्याच्या धाकट्या भावाला तेवढ्यावर नागरिकत्व मिळत नाही. म्हणून दुसऱ्या पिढीचे तीन प्रश्न विचारा, पोरं कोणत्या भाषेच्या शाळेत जातात, त्यांच्याकडे कोणता कागद आहे, आणि मत आहे का. लक्झेंबर्गमध्ये ४७ टक्के लोक परदेशी आहेत, त्यांना संसदेच्या निवडणुकीत मत द्यायचं का यावर २०१५ मध्ये तिथल्या नागरिकांना विचारलं तं ७८ टक्क्यांनी नाही म्हटलं. घाबरण्यामागे भाषेची काळजीही होती, कामाच्या जागी फ्रेंचच जास्त चालते आणि आपली लक्झेंबर्गिश मागे पडेल असं त्यांना वाटतं. ती काळजी खोटी नाही, तिला वेडेपणा म्हणून झटकू नका. पण देशातल्या जवळपास निम्म्या माणसांना कायद्यावर बोलायचा हक्क नाही ही अवस्था कायमची चालेल असंही मला वाटत नाही.

शेवटी वही उलटी करा. जानेवारीनंतर गडचिरोली-चंद्रपूरकडची कितीतरी घरं कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडायला जातात. तिथल्या पानठेल्यावर आपल्याच मायबहिणींबद्दल तेच बोललं जात असेल. वर लिहिलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्यासाठी विचारा, मालक बदलता येतो का, हिशोब कोणाच्या वहीत आहे, पोरं कुठं आहेत.

आणि ज्यांच्या घरून कोणी जाणार आहे त्यांनी एवढं करून ठेवा. रेशनकार्ड आधारशी जोडलेलं आहे का ते दुकानात जाऊन बघा, जोडलेलं असेल तं आता दुसऱ्या राज्यातही धान्य मिळतं, आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या वाट्याचं इथं घेता येतं. पोरं सोबत जाणार असतील तं शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागा, मागे राहणार असतील तं गुरुजींना हंगामी वसतिगृहाबद्दल विचारा, आणि हे गाडी यायच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी. उचल घेतली असेल तं रक्कम, तारीख आणि मुकादमाची सही आपल्या स्वतःच्या वहीत घ्या आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घरच्याला पाठवून ठेवा. आखातात जाणारा पोरगा दहावी पास नसेल तं त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'जाण्याआधी तपासणी लागेल' अशी नोंद असते, त्याला सरकारी परवानगी घेऊनच जाता येतं, आणि एजंट म्हणत असेल की व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर करून देतो, तं त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.